केळीचा व्हायरस सात दिवसात बरा? व्हिडिओतलं खरं-खोटं मी कसं बघतो

यावल तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय, थोडक्यात असं. मृगबाग आहे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, साडेतीन हजार खोडं, जुलैच्या सुरुवातीला टिश्यू कल्चरची रोपं लावली. आता पोळ्याच्या आसपास पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले, मोजली तर साठ-सत्तर झाडं. वडील म्हणतात हरण्या आहे, उपटून फेक. पण यूट्यूबवर एक जण बागेत उभा राहून सांगतो की अमुक 'व्हायरस स्पेशल' बाटलीच्या दोन फवारण्या करा, सात दिवसात झाड हिरवं. खाली हजारो लाईक आणि "जबरदस्त रिझल्ट भाऊ" असल्या कमेंट. आणि शेवटी प्रश्न: आमच्यासारख्याने इंटरनेटवरचं खरं काय आणि खोटं काय हे ओळखायचं कसं?

आधी मी कोण ते सांगतो, कारण ते माहीत नसताना माझं ऐकलं तर मग त्या व्हिडिओवाल्याने काय घोडं मारलंय. मी बी.एस्सी. ॲग्री, रावेर तालुक्यात बावीस वर्षं कृषी केंद्र चालवतो. म्हणजे औषधं विकून पोट भरतो. तुम्ही झाडं उपटली तर मला एक रुपया मिळत नाही, बाटली घेतली तर मिळतो. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तुमच्या बागेचं आधी. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस, नाव काकडीचं कारण आधी काकडीवर सापडला, पण तो हजारावर जातींच्या झाडांवर जगतो. झाडात एकदा घुसला की त्याला मारणारं औषध आजच्या तारखेला नाही. ना माझ्या दुकानात ना कोणाच्या. मावा (रस शोषणारी बारीक कीड) तो पसरवतो, आणि रोगट पानातून निरोगी पानात न्यायला माव्याला काही सेकंद ते मिनिटं पुरतात, म्हणून मावा मारायची फवारणी करायची खरी, पण तिने आधीच लागलेलं झाड बरं होत नाही. त्यामुळे वडील बरोबर असायची शक्यता जास्त आहे. २०२० च्या पावसाळ्यात आपल्या रावेर-यावल पट्ट्यात ज्यांनी पहिल्या पंधरवड्यात उपटून नांग्या भरल्या (रिकाम्या जागी नवीन रोपं लावली) आणि ज्यांनी "बघू जरा" म्हटलं त्यांच्यातला फरक मी दोन्हीकडच्या बांधावर उभा राहून बघितलाय.

पण 'शक्यता जास्त' म्हणालो, खात्री नाही म्हणालो. कारण मी तुमचं पान बघितलेलं नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तरी नवीन पान पिवळं पडतं, मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं पिवळी पडतात, शेजारच्याने तणनाशक मारलं आणि वारा तुमच्याकडे असला तरी पानं वेडीवाकडी होतात. यातल्या कशालाही झाड उपटायची गरज नाही. कमतरता असली की ती बहुतेक पट्ट्या-पट्ट्याने आणि सारखी दिसते, अख्खा तुकडा फिकट. हरण्या असा येत नाही, तो विखरून येतो, इथे एक झाड तिथे दोन, पट्टे तुटक, पानाच्या एका बाजूला जास्त एका बाजूला कमी, कडा लाटेसारखी, आणि जास्त झालं तर पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. तेव्हा बाटलीचं खरं की खोटं हा प्रश्न नंतरचा. रोग तोच आहे का, हे आधी.

आणि माझ्या मते इंटरनेटवरच्या माहितीची खरी गोम इथेच आहे. लोक विचारतात "हे खरं आहे का?", पण बहुतेक वेळा माहिती धड खोटी नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीत, दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या जातीवर खरी असते. तमिळनाडूतला माणूस केळीला पाणी किती द्यायचं सांगतो ते त्याच्याकडे बरोबरच असेल, पण त्याच्याकडे आपला मे महिना नाही ना भाऊ. भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्याच्या हिशोबाने पाणी दिलं तर घड बाहेर पडायच्या आधी बाग मोडेल. तो माणूस लबाड नाही, तो फक्त आपला नाही.

आता तो सात दिवसांचा व्हिडिओ. असले व्हिडिओ मी कसे बघतो ते सांगतो, कारण गिऱ्हाईक रोज एक मोबाईल पुढे करतं आणि मला दोन मिनिटात काहीतरी बोलावं लागतं.

पहिलं मी आवाज बंद करतो. खरंच. बोलणारा इतका छान बोलतो की डोळे काम करत नाहीत. आवाज बंद केला की दिसतं की 'आधी'चं झाड आणि 'नंतर'चं झाड एकच नाही. एका व्हिडिओत आधीच्या झाडामागे ठिबकची नळी उजवीकडून गेलेली, नंतरच्या झाडामागे नळीच नाही, आणि मागच्या विजेच्या खांबाचा पत्ता नाही. दुसरं म्हणजे फोटो. पट्टे पडलेल्या पानाचा एकच फोटो मी सहा वेगवेगळ्या व्हिडिओत बघितला, निळ्या बाहीचा हात पान धरून आहे. गूगल लेन्सवर टाकला तर तो बाहेरच्या देशातल्या एका विद्यापीठाच्या पानावरचा निघाला, आणि खाली लिहिलेला रोग वेगळाच, बंची टॉप. म्हणजे सहा जणांनी तेच सांगितलं म्हणून मी जे सहा साक्षीदार धरत होतो तो एकच साक्षीदार होता आणि तोही दुसऱ्याच केसमधला.

तिसरं, व्हिडिओच्या खाली नंबर आहे का. "घरपोच मिळेल, व्हॉट्सॲप करा." नंबर असला म्हणजे माणूस खोटंच बोलतोय असं नाही, मीपण विकतोच. पण मग ती जाहिरात आहे एवढं समजून बघायचं. कमेंट तर मी वाचतच नाही. म्हणजे एकच वाचतो: कोणी विचारलं असेल की "भाऊ यात घटक काय आहे" आणि त्याला काय उत्तर दिलंय. उत्तर "कॉल करा" असेल तर विषय संपला.

यानंतर मी तारीख बघतो, आणि ही जागा जरा थांबून समजून घ्या कारण इथे शहाणी माणसं फसतात. सीएमव्हीचे पट्टे ढगाळ, थंडसर हवेत ठळक दिसतात आणि उकाडा वाढला की दबतात. झाडातला व्हायरस जात नाही, फक्त नवीन पान बऱ्यापैकी हिरवं येतं. आता हिशोब करा. भाद्रपदात झड लागलीये, पट्टे दिसले, बाटली मारली, मग पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, पान हिरवं आलं. शेतकरी खोटं बोलत नाहीये! त्याने मारलं आणि त्याला दिसलं. व्हिडिओवालासुद्धा कदाचित खोटं बोलत नसेल. तरी बाटलीने काही केलेलं नाही, आणि ते झाड पुढे माव्याला खाऊ घालत बागेत उभंच आहे.

हे मी दुसऱ्याला शिकवतोय असं समजू नका, मी स्वतः यात नाव कमावलंय. दुकान टाकलं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी जानेवारीत जबर थंडी पडली, कांदेबागेवर (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीवर) चरका आला, म्हणजे थंडीचा फटका बसला, पानं पिवळी, पोंगा अडकलेला. मी एक टॉनिक दिलं, अमिनो ॲसिडवालं. फेब्रुवारीत बागा अशा काही हिरव्या झाल्या की विचारू नका, लोक मोटरसायकलवर दुसऱ्या गावाहून तीच बाटली मागायला यायचे. मग एके दिवशी निंभोऱ्याकडचे एक आप्पा आले, चहा घेतला आणि सहज म्हणाले, "तुमची बाटली पुरली नाही भो, शेवटच्या तीन ओळी राहून गेल्या." मी म्हटलं त्या कशा आहेत? तर म्हणे, "त्याच तर सांगायला आलो, त्या पण तशाच आहेत." गाडी काढली आणि जाऊन बघितलं. सकाळची वेळ, त्या तीन ओळी आणि शेजारच्या मारलेल्या ओळी, पानं मोजली, नवीन निघालेलं तिसरं पान हाताने मापलं. काडीचा फरक नव्हता. थंडी गेली म्हणून बाग सुधारली होती. आप्पा हसत होते, मी नाही. त्या दिवसापासून कोणीही "रिझल्ट आला" म्हटलं की मी एकच विचारतो, न मारलेल्या ओळी कुठेयत? कंपनीच्या माणसाला विचारा, यूट्यूबवाल्याला विचारा, मला विचारा. दाखवता आल्या नाहीत तर रिझल्ट हवामानाचा का बाटलीचा हे कोणालाच माहीत नाही.

(तुमच्या बाबतीत मात्र "चला थोड्या झाडांवर करून बघू" हा प्रयोग नको. टॉनिक, खत, पाण्याची पाळी यात वीस खोडांवर करून बघणं उत्तम. व्हायरसमध्ये ती वीस खोडं म्हणजे बागेत विस्तव ठेवून झोपणं.)

चौथी गोष्ट बाटली. ही तपासणी फुकट आहे आणि कोणी करत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे कीड-रोगावर चालतं म्हणून विकायचं तर त्या औषधाची फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक असतो, चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि आतल्या घडीच्या कागदावर कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस थांबायचं हे सगळं छापलेलं असतं. याला आम्ही लेबल क्लेम म्हणतो. 'व्हायरस स्पेशल' बाटलीवर हे शोधा. बहुतेक वेळा पुढे मोठ्या अक्षरात व्हायरस आणि मागे बारीक अक्षरात "वनस्पती अर्क", बाकी काही नाही. जो दावा व्हिडिओत ठासून केलाय तो बाटलीवर छापायची हिंमत झालेली नसते, कारण बाटलीवर छापलं की कायद्यात सापडतो. मी तर म्हणतो व्हिडिओपेक्षा लेबल वाचा, तिथे माणूस तोलून बोलतो.

मग म्हणाल, सरकारी आणि विद्यापीठाचं डोळे झाकून घ्यायचं का? नाही. तिथे खोट्याचा धोका कमी, शिळ्याचा जास्त. माझ्याकडे कपाशीच्या शिफारशींची एक जुनी पीडीएफ आहे, चांगल्या संस्थेची, त्यात एंडोसल्फान हे कीटकनाशक आहे. छापलं तेव्हा बरोबर होतं. २०११ ला सुप्रीम कोर्टाने एंडोसल्फान बंद केलं, पण ती पीडीएफ अजून ग्रुपवर फिरतेय आणि वर संस्थेचं नाव असल्यामुळे कोणी शंका घेत नाही. बीटी कपाशीचंही तसंच. २००२ ला बीटी आली तेव्हा "बोंडअळीची काळजी मिटली" हे लिहिणारे खोटारडे नव्हते. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने जे केलं ते ज्याच्या घरी कापूस होता त्याला सांगायला नको. माहितीला पण एक्स्पायरी असते, फक्त ती पाकिटावर छापलेली नसते.

आता माझी चूक, ही सांगायला जरा जड जातं. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपवर फवारणीचा तक्ता आला, सुंदर बनवलेला, रंगीत चौकोन, प्रत्येक औषधापुढे मिलीचा आकडा. मी चाळला, ओळखीची औषधं, ओळखीचे आकडे, पुढे ढकलला चारशे शेतकऱ्यांना. तक्त्यावर 'प्रति पंप' लिहिलं होतं. चोपड्याकडच्या एका पोराने पपईवर त्या आकड्याने मारलं आणि तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला, पानांच्या कडा भाजल्यासारख्या, तपकिरी. पपईचं पान मुळात नाजूक. नंतर बसून बघितलं तर तक्ता बनवणाऱ्याचा पंप पॉवर स्प्रेवाल्या मोठ्या टाकीच्या हिशोबाने होता आणि त्या पोराचा पंप पाठीवरचा पंधरा लिटरचा. शिफारशी १० लिटर पाण्याला लिहायची जुनी पद्धत आहे ती उगाच नाही. एकही आकडा खोटा नव्हता, फक्त कशाला किती हे सुटलं होतं, आणि ते माझ्यासारख्या शिकलेल्याने पुढे पाठवलं म्हणून त्या पोराने तपासलं नाही. त्याचं नुकसान मी अर्धं भरून दिलं, पण अजून तो दुकानासमोरून जाताना इकडे बघत नाही.

म्हणून कुठलाही आकडा दिसला की त्याच्यामागे शेपूट शोधा: लिटरला, १० लिटरला, पंपाला, एकराला का हेक्टरला. एकर आणि हेक्टरमध्ये अडीचपट फरक आहे, खताच्या तक्त्यात हा घोळ सारखा होतो. शेपूट नसलेला आकडा वापरायचा नाही, तो कितीही मोठ्या माणसाने सांगितलेला असो.

एआयचं पण विचारतात हल्ली. मी बघितलंय टाकून. एकाच पानाचा फोटो, एकदा मॅग्नेशियमची कमतरता सांगितली, जरा तिरपा काढून टाकला तर व्हायरस. दोन्ही वेळेला आवाज तोच, ठाम. लक्षणांची यादी समजून घ्यायला, इंग्रजी लेबल मराठीत वाचायला चांगलं आहे. पण त्याने दिलेली मात्रा लेबलवर बघितल्याशिवाय पंपात टाकू नका. यवतमाळला २०१७ ला फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत, ही गोष्ट पानं भाजण्यावर थांबत नाही.

बाकी फॉरवर्ड पटकन सांगतो. "६ ते ९ तारखेला गारपीट" असं आलं की महिना आणि साल शोधा, निम्मे स्क्रीनशॉट मागच्या वर्षीचे असतात, आणि हवामान खात्याच्या जिल्ह्याच्या अंदाजाशी किंवा मेघदूत ॲपशी ताडून बघा. केळीचा भाव म्हणून जो आकडा फिरतो तो बऱ्हाणपूरचा का रावेरचा आणि कोणत्या दिवसाचा, हे न बघता कापणी ठरवू नका, व्यापारी ते बघूनच येतो. आणि पीएम किसानचा हप्ता अडकलाय म्हणून कोणी एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल) पाठवली तर ती उघडायचीच नाही, मग ती सख्ख्या मेव्हण्याच्या नंबरवरून आलेली असो, त्याचाच मोबाईल आधी हॅक झालेला असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन, उद्या नाही.

सगळंच असं तपासत बसायचं का? नाही हो, शेती कधी करणार. मी बघतो की चुकलं तर परत फिरता येतं का. कोणी म्हणालं भरीताच्या वांग्याला आच्छादन करा, करून बघा, बिघडलं तर काय बिघडलं. पण झाड उपटायचं, एकरभर फवारायचं, नवीन जातीची दहा हजार रोपं बुक करायची, कर्ज काढायचं, अशाला एका मोबाईलच्या भरवशावर हात घालायचा नाही, आणि दोन मोबाईलच्यापण नाही.

तर तुम्ही उद्या काय करायचं. सकाळी वडिलांना घेऊन बागेत जा आणि पट्टेवाल्या झाडांना सुतळी बांधा, म्हणजे विखुरलेली आहेत का पट्ट्याने आहेत ते लगेच कळेल. काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो आत किंवा बांधावर आहे का बघा, मावा पानाखाली आणि पोंग्यात बघा. त्याच दिवशी पालच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला दाखवा, जवळ सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहाय्यक) असेल तर त्याला शेतात बोलवा, नाहीच जमलं तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ फुकट आहे. मला नका विचारू एकट्याला, दोन असे विचारा ज्यांना एकमेकांशी देणंघेणं नाही आणि ज्यांना तुमच्या निर्णयातून पैसे मिळत नाहीत. दोघंही हरण्या म्हणाले तर त्याच दिवशी उपटायचं, मुळासकट, बागेबाहेर नेऊन गाडायचं किंवा जाळायचं, बांधावर टाकायचं नाही कारण तिथून मावा परत चालत येतो. मग दर चार-पाच दिवसांनी फेरी. साडेतीन हजारात सत्तर म्हणजे शेकडा दोन, आत्ता नांग्या भरल्या तर बाग हातातली आहे. हेच झाड निसवल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, दिसलं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

आणि फोटो टाकणार असाल तर नुसतं पान तोडून हातात धरलेला नको. पूर्ण झाड, मग पोंग्याजवळची दोन पानं, मग शेजारचं चांगलं झाड त्याच फ्रेममध्ये. सकाळी काढा, दुपारच्या उन्हात पट्टे दिसत नाहीत. लागवडीची तारीख आणि मागच्या पंधरा दिवसात काय काय मारलं ते खाली लिहा, माझ्याच दुकानातलं असलं तरी.